थेरपी मुलीची, गृहपाठ घरातल्या सगळ्यांचा

वाचक भगिनीचे पत्र (संक्षिप्त):

"माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. गेल्या चार महिन्यांपासून शाळेला निघायच्या वेळी तिच्या पोटात दुखू लागते. बालरोगतज्ज्ञांनी सगळ्या तपासण्या केल्या, काहीही निघाले नाही. रात्री मी शेजारी असल्याशिवाय ती झोपत नाही आणि दिवसातून कितीतरी वेळा 'तू मला घ्यायला येशील ना? तुला काही होणार नाही ना?' असे विचारत राहते. आता आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडते. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी थेरपी सुरू करण्याचे सुचवले आहे. तिचे बाबा म्हणतात, मोठी झाली की आपोआप जाईल. आजीला वाटते, मीच तिला लाडावून ठेवले आहे. आत नेमके काय करतात? ती बोललीच नाही तर? घरातल्या गोष्टी बाहेर सांगेल का? सगळे खापर माझ्यावर फुटेल का? आणि हे किती दिवस चालणार?"

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे सगळेच प्रश्न रास्त आहेत, पण त्यांतला खापराचा प्रश्न मी आधी हाती घेते, कारण त्याच्याच धास्तीने कित्येक पालक ठरलेली पहिली भेट ऐन वेळी रद्द करतात, आणि जे जातात तेही मनात बचावाचे भाषण तयार ठेवून जातात. चिंतेकडे झुकणारा स्वभाव काही अंशी आनुवंशिक असतो. एकाच घरात, त्याच आईवडिलांच्या हाताखाली वाढलेल्या दोन भावंडांपैकी एक बिनधास्त असते आणि दुसरे प्रत्येक नव्या दारापाशी थबकते, हे तुम्हीही पाहिले असेल. लाड केल्यामुळे मूल चिंतातुर झाले असे म्हणण्यापेक्षा, चिंतातुर मुलाभोवती घर हळूहळू वाकत गेले असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

हे वाकणे कसे घडते, ते तुमच्याच पत्रातून पाहू. मुलगी विचारते, "तू येशील ना?" तुम्ही म्हणता, "हो गं, नक्की येईन." तिला बरे वाटते, पण ते बरे वाटणे फार वेळ टिकत नाही आणि प्रश्न पुन्हा येतो, कारण त्या क्षणी ती एवढेच शिकलेली असते की भीती वाटली की आईला विचारायचे, म्हणजे भीती जाते. भीतीला काहीच उत्तर दिले नाही तरीही ती थोड्या वेळाने आपोआप ओसरते, हे शिकण्याची संधी तिला मिळतच नाही. रात्री शेजारी झोपणे, पोटात दुखले की शाळेला दांडी मारू देणे, तिला एकटीने जावे लागू नये म्हणून घरातले बेत बदलणे, या सगळ्यांचा परिणाम तोच होतो. चिंतेचा त्रास असलेल्या मुलांचे जवळजवळ सगळेच पालक हे करतात आणि मायेपोटीच करतात. थेरपिस्ट याविषयी बारीकसारीक विचारतील, तेव्हा आपली उलटतपासणी चालली आहे असे तुम्हाला वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात त्या विचारत असतात ते एवढ्याचसाठी, की मुलीच्या भीतीच्या चक्रातला सर्वांत लवकर बदलता येण्याजोगा भाग तुमच्या हातात असतो.

हे केवळ धीर देण्यासाठी लिहिलेले नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात एली लेबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कल्पनेवर आधारलेली एक उपचारपद्धती तयार केली, आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चिंताविकार असलेल्या 7 ते 14 वर्षांच्या 124 मुलांचे दोन गट करण्यात आले. एका गटातील मुलांना नेहमीची थेरपी देण्यात आली, तर दुसऱ्या गटात थेरपिस्ट फक्त आईवडिलांना भेटले आणि मुलांना एकदाही थेरपी दिली गेली नाही. दुसऱ्या गटातील मुलांची सुधारणा पहिल्या गटाहून कमी ठरली नाही. हा विचार मुळात फार नवा आहे असेही नाही. सिग्मंड फ्रॉइड यांनी 1909 साली घोड्यांना घाबरणाऱ्या एका पाच वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली, त्या मुलाचे उपचार त्याच्या वडिलांमार्फतच झाले होते आणि त्या काळात फ्रॉइड मुलाला प्रत्यक्ष एकदाच भेटले होते. त्यांनी त्या भीतीचा लावलेला अर्थ आज फारसे कोणी मानत नाही. पालकांना बाहेर बसवून मुलाचे उपचार पुरे होत नाहीत, ही गोष्ट मात्र टिकून राहिली आहे. म्हणून थेरपीकडून पहिली अपेक्षा ही ठेवा की काम तुम्हालाही करावे लागेल.

आता पहिल्या भेटीकडे वळते. बहुतेक बालथेरपिस्ट आधी आईवडिलांना मुलाशिवाय भेटणे पसंत करतात, कारण मुलासमोर त्याच्याच अडचणींचा पाढा वाचणे बरे नसते. या भेटीत गरोदरपण, जन्म, चालायला-बोलायला कधी लागली, झोप, खाणे, आजारपणे, शाळेतली प्रगती, मैत्रिणी, घरात झालेले मृत्यू, घर किंवा शाळा बदलणे, आईवडिलांमधले ताण, कुटुंबात आणखी कोणाला चिंता किंवा नैराश्याचा त्रास झाला होता का, असे सगळे विचारले जाते. काही प्रश्न तुम्हाला अप्रस्तुत वाटतील, तरी उत्तरे मोकळेपणाने द्या. त्रास चार महिन्यांपूर्वी सुरू झाला असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा त्या सुमारास काय घडले होते हा प्रश्न हमखास येईल. वर्गात कोणी सतावते का, एखादा विषय किंवा वाचनच तिला जमेनासे झाले आहे का, एखाद्या शिक्षकांची धास्ती बसली आहे का, घरातले कोणी मोठ्या आजारातून गेले का, हे शोधल्याशिवाय केवळ "चिंता" असा शिक्का मारून पुढे जाणारा थेरपिस्ट घाई करतो आहे असे समजा. छळ होत असेल तर आधी तो थांबवावा लागतो, कारण खऱ्या धोक्याला घाबरणाऱ्या मुलाला धीट बनवण्याचे धडे देणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

याच टप्प्यावर प्रश्नावल्याही भरून घेतल्या जातात. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी 1997 साली मांडलेली, मुलांच्या भावना आणि वागण्याविषयीच्या 25 विधानांची एक छोटी प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिची पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी वेगवेगळी रूपे आहेत. तुमची आणि वर्गशिक्षिकांची उत्तरे जुळली नाहीत तर गोंधळून जाऊ नका. घरी रडून गोंधळ घालणारे मूल शाळेत पोहोचल्यावर शांत बसणे, किंवा याच्या उलट होणे, हे नेहमीचेच आहे, आणि तो फरकच थेरपिस्टला पुष्कळ काही सांगून जातो. बालरोगतज्ज्ञांची फाइल आणि शाळेची प्रगतिपुस्तके सोबत न्या. आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा: तपासण्यांत काही निघाले नाही याचा अर्थ पोटदुखी खोटी आहे असा होत नाही. चिंतेने शरीर सावध होते तेव्हा पचनसंस्थेवर खरोखरच परिणाम होतो आणि मुलीला खरोखरच दुखते. "काही नाही, नाटकं आहेत," हे वाक्य घरात कोणी उच्चारत असेल तर ते आजच बंद व्हावे.

आता आत काय होते ते सांगते. नऊ वर्षांच्या मुलीला समोर खुर्चीत बसवून "तुला काय वाटते ते सांग" असे विचारत राहणे याला कोणी बालथेरपी म्हणत नाही. खेळणी, बाहुल्या, कागद, रंग, पटावरचे खेळ, गोष्टी यांचा उपयोग केला जातो. मेलनी क्लाइन आणि ॲना फ्रॉइड या मनोविश्लेषक बाईंनी 1920 च्या दशकात मुलांबरोबरचे काम पुढे नेले, तेव्हापासूनच मुले शब्दांपेक्षा खेळातून अधिक सांगतात हे मानले गेले आहे, जरी त्या खेळाचा अर्थ कसा लावावा यावर त्या दोघींचे कडाक्याचे मतभेद होते. बाहेरून पाहणाऱ्याला पहिल्या काही सत्रांत "नुसता खेळच चालला आहे, याचे पैसे कशाला द्यायचे" असे वाटू शकते. त्या खेळात ही मुलगी हरल्यावर काय करते, चूक झाली तर घाबरते का, मदत मागते की गप्प राहते, आई दाराआड गेल्यावर किती वेळ दाराकडे पाहत राहते, हे सगळे पाहिले जात असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे या अनोळखी मोठ्या माणसावर विश्वास ठेवावा की नाही, हे मुलगी ठरवत असते. मात्र एका चित्रावरून मुलाचे मन वाचून दाखवणाऱ्यांपासून थोडे सावध राहिलेले बरे. काळा रंग वापरला म्हणून दुःख आणि घराला खिडकी नाही म्हणून एकटेपणा, असले निष्कर्ष ऐकायला चटकदार असतात, पण त्यांना आधार फारसा नसतो. चित्र हे बोलणे सुरू करण्याचे निमित्त असते, एवढेच.

ती बोललीच नाही तर काय, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या दोन-तीन भेटींत ती फारसे बोलणार नाही, असेच धरून चाला. कदाचित ती आत जायलाच नकार देईल, आणि तुमच्याबाबतीत तर तुमच्यापासून दूर होणे हीच तिची अडचण असल्यामुळे तसे होण्याची शक्यता जास्त आहे. अनुभवी थेरपिस्टला याचे काही नवल वाटत नाही. पहिले सत्र तुम्हाला सोबत घेऊन होईल, पुढच्या वेळी तुम्ही खोलीतच पण कोपऱ्यात पुस्तक वाचत बसाल, मग दार उघडे ठेवून बाहेर बसाल. हे सगळे करण्यात दोन आठवडे गेले तर ते वाया गेले असे समजू नका, कारण तिच्या बाबतीत हाच उपचार आहे. साधारणपणे सत्र 45 ते 50 मिनिटांचे असते आणि सुरुवातीला आठवड्यातून एकदा होते. त्यातली शेवटची काही मिनिटे, किंवा दर काही सत्रांनंतर एक पूर्ण भेट, पालकांसाठी राखून ठेवली जाते. तसे होत नसेल तर तुम्ही मागून घ्या.

विश्वास बसला की मुख्य काम सुरू होते, आणि चिंतेच्या बाबतीत त्याचा गाभा असा असतो की भीतीला पायऱ्या पाडायच्या आणि एकेक पायरी चढायची. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1924 साली सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. तो आवडीचे काही खात असताना ससा खोलीत दूर ठेवला जाई आणि दिवसागणिक थोडा जवळ आणला जाई, शिवाय सशाला न घाबरणारी इतर मुलेही सोबत खेळायला असत. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. आजच्या पद्धती यापेक्षा पुष्कळ पुढे गेल्या आहेत. विचारांवर काम होते, म्हणजे "आईला अपघात होईल" या विचाराशी मुलीला प्रश्नोत्तरे करायला शिकवतात. शरीरावर काम होते, म्हणजे छातीत धडधडू लागले की ते काय आहे आणि ते कसे ओसरते हे ओळखायला शिकवतात. पण पायऱ्यांचे तत्त्व तेच आहे. तुमच्या मुलीची यादी ती स्वतः थेरपिस्टबरोबर बसून करील: आई दुसऱ्या खोलीत असताना पाच मिनिटे एकटीने खेळणे ही खालची पायरी असेल, आई दाराबाहेर बसलेली असताना झोपी जाणे ही मधली, आणि शाळेच्या फाटकाशी एकच टाटा करून आत जाणे ही वरची. प्रत्येक पायरीला ती शून्य ते दहा असे भीतीचे गुण देईल. कुठून सुरुवात करायची हे ठरवण्यात तिचे मत घेतले जाईल, आणि घेतले जायलाच हवे.

या पायऱ्या थेरपीच्या खोलीत चढता येत नाहीत, आणि बहुतेक पालकांचा अपेक्षाभंग होतो तो इथेच. आठवड्यातले 50 मिनिटे ती थेरपिस्टकडे असणार आणि उरलेला सगळा आठवडा तुमच्याकडे. "तू येशील ना?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे हे तुम्हाला शिकवले जाईल. बहुधा ते असे काही असेल: "तुला भीती वाटते आहे, ते मला दिसतंय. तू ती सोसू शकतेस, असा माझा विश्वास आहे." या उत्तरात तिची भीती नाकारलेली नाही आणि भीतीला हवे असलेले आश्वासनही दिलेले नाही. पहिल्यांदा तुम्ही असे म्हणाल तेव्हा ती गप्प होणार नाही, उलट अधिक जोरात विचारील, रडेल, "तू माझ्यावर प्रेमच करत नाहीस" असेही म्हणेल. इतके दिवस उपयोगी पडलेली गोष्ट अचानक बंद झाली की ती आणखी नेटाने करून पाहणे हे मुलांच्या बाबतीत ठरलेले आहे, आणि म्हणून पहिले काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही, त्रास कमी होण्याऐवजी वाढल्यासारखा दिसतो. थेरपीने मूल बिघडले असे म्हणून लोक याच वेळी सोडून देतात. त्यातही वाईट म्हणजे तीन दिवस टिकून चौथ्या दिवशी हार मानणे, कारण त्यातून मुलगी शिकते ते हेच की पुरेसा वेळ रडत राहिले तर आई येते. तेव्हा जी पायरी शेवटपर्यंत निभावता येईल तीच निवडा, मग ती कितीही लहान असो.

आजी आणि बाबा यांचा प्रश्न इथे येतो. तुम्ही उत्तर आवरते घेतले आणि आजीने शेजारच्या खोलीतून "अगं येणार आहे ती, रडू नकोस" असे सांगितले, की तुमची मेहनत तिथेच संपते. आजीला तुमच्या संगोपनावरच्या वादात ओढू नका, त्याचा निकाल कधीच लागत नाही. तिला एक ठरावीक काम द्या, जसे की प्रश्न आला की तिनेही तेच एक वाक्य म्हणायचे. बाबांचे म्हणणे पूर्ण चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. लहान मुलांच्या बऱ्याच भीती वयानुसार जातात, हे खरे आहे. पण चार महिने टिकलेली, झोप आणि शाळा या दोन्हींत शिरलेली आणि वाढत चाललेली भीती त्या प्रकारात बसत नाही. त्यांना थेरपीवर विश्वास ठेवायला सांगू नका, फक्त पहिल्या भेटीला येण्याचे कबूल करून घ्या. त्यांची शंका त्यांनी तिथेच बोलून दाखवावी. चांगल्या थेरपिस्टला शंका घेणाऱ्या वडिलांचे वावडे नसते, गैरहजर वडिलांशी काम करणे मात्र त्यांनाही अवघड जाते.

घरातल्या गोष्टी ती बाहेर सांगेल का? सांगेल, आणि सांगू द्या. तुमची भांडणे, आजीचे बोलणे, कोणाचे रडणे, जे तिच्या मनात आहे ते तिथे येणारच. जाण्यापूर्वी "हे हे सांगू नकोस" असे पढवले, तर काय चालते आणि काय चालत नाही याच विचारात ती राहील आणि मग कामाचेही काही बोलणार नाही. थेरपिस्टवर गोपनीयतेचे बंधन असते. तुम्हालाही ते शब्द न् शब्द सांगणार नाहीत. कामाची दिशा काय, प्रगती किती, घरी काय करायचे, एवढे सांगतील. ही सीमा पहिल्याच भेटीत, मुलीच्या समोर, स्पष्ट केली जावी. या गोपनीयतेला अपवादही असतो: मूल स्वतःला इजा करण्याच्या बेतात असेल, दुसऱ्याला इजा करणार असेल किंवा कोणी त्याच्यावर अत्याचार करत असेल, तर थेरपिस्ट ते गुप्त ठेवू शकत नाहीत. सत्र संपल्यावर गाडीत बसल्या बसल्या "काय विचारलं? तू काय सांगितलंस?" अशी सरबत्ती करण्याचा मोह आवरा. "झालं का? चल," एवढे पुरे. सांगायचे असेल तर ती झोपताना किंवा दात घासताना आपणहून सांगेल.

किती दिवस, याचे प्रामाणिक उत्तर आकड्यांत देता येते, पण ते हमी म्हणून वाचू नये. चिंतेसाठीची आखीव, पायऱ्यांची थेरपी बहुधा 12 ते 16 सत्रांची असते, म्हणजे तीन-चार महिन्यांची, आणि त्यानंतर अंतर वाढवत काही भेटी होतात. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, विलगतेची चिंता, म्हणजे आईवडिलांपासून दूर होण्याची भीती, आणि इतर चिंताविकार असलेल्या 7 ते 17 वर्षांच्या 488 मुलांचे 12 आठवडे निरीक्षण झाले. थेरपी घेणाऱ्यांपैकी सुमारे 60 टक्के मुलांमध्ये चांगली सुधारणा दिसली, सर्ट्रालीन हे औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे 55 टक्के, दोन्ही एकत्र घेणाऱ्यांपैकी सुमारे 81 टक्के आणि नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे 24 टक्के. यातून दोन गोष्टी घ्या. थेरपीने खरोखर फरक पडतो, आणि तो प्रत्येकाला पडतोच असे नाही. म्हणून पाच-सहा सत्रांनंतर थेरपिस्टला सरळ विचारा की सुरुवातीला ठरवलेल्या उद्दिष्टांपैकी कुठवर आलो. उद्दिष्टेच ठरली नसतील, तर तीच पहिली तक्रार असू द्या. आणि पुढे कधी औषधाचा विषय निघाला, तर त्याला तुमचा किंवा मुलीचा पराभव मानू नका. औषध मनोविकारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकीय पदवी असलेले डॉक्टरच लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक थेरपी देतात, औषधे देत नाहीत. कोणाकडेही जा, मुलांबरोबर काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण त्यांनी घेतले आहे का, चिंतेसाठी ते कोणती पद्धत वापरतात आणि पालकांना त्यात कसे सामील करतात, हे तीन प्रश्न फोनवरच विचारता येतात. "इतक्या सत्रांत पूर्ण बरी करून देतो" असे छातीठोकपणे सांगणारा, पालकांना कधीच भेटू न इच्छिणारा किंवा मुलीला तिच्या भीतीवरून लाज आणणारा, यांच्यापैकी कोणाकडेही दुसऱ्यांदा जाऊ नका.

मुलीला आगाऊ सांगणे आवश्यक आहे. फिरायला जाऊ असे सांगून तिथे नेऊ नका आणि ती त्रास देते म्हणून नेतो आहोत असेही सुचवू नका. एक-दोन दिवस आधी, कोणी घाईत नसताना, असे सांगता येईल: "तुला सकाळी पोटात दुखतं, भीती वाटते, आणि त्यात तुला नेमकी कशी मदत करायची ते मलाही नीट कळत नाही. मुलांच्या अशा भीतीचा अभ्यास केलेल्या एक बाई आहेत, त्यांच्याकडून आपण दोघी शिकू. तिथे सुई नसते, परीक्षा नसते." ती "मी वेडी आहे का?" असे विचारील, तर हसण्यावारी न नेता "नाही, आणि तिथे येणारी इतर मुलंही नाहीत," असे सरळ सांगा. आणि यापुढे घरात "थांब, बाईंना सांगते" अशी धमकी कोणीही देऊ नये, नाहीतर ती खोली तिच्यासाठी मुख्याध्यापकांची खोली होऊन बसेल.

शाळेबाबत मात्र थेरपीची वाट पाहू नका. घरी राहिलेला प्रत्येक दिवस पुढचा दिवस अधिक अवघड करतो. अभ्यास मागे पडतो, मैत्रिणी दुरावतात आणि "कुठे होतीस?" या प्रश्नाची एक नवी भीती तयार होते. वर्गशिक्षिकांशी आणि समुपदेशक बाईंशी बोलून, वर्गात कोणी छळत नाही याची खात्री करून, अर्धा दिवस का होईना पण रोज शाळेत जाणे सुरू करा. फाटकाशी एका ठरावीक व्यक्तीने तिला आत घेऊन जावे आणि तुमचा निरोप लहान आणि प्रत्येक वेळी सारखाच असावा. ती जगण्यात अर्थ नाही असे काही बोलली, स्वतःला दुखापत करू लागली, खाणे-पिणे सोडले किंवा कोणी तिला वाईट स्पर्श केल्याचा जरासाही संशय आला, तर मात्र ठरलेल्या भेटीच्या तारखेपर्यंत न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

पहिल्या भेटीपर्यंतच्या दिवसांत एक वही करा. प्रश्न कधी आला, त्याआधी काय घडले होते, तुम्ही किंवा आजीने काय केले आणि त्यानंतर ती किती वेळाने शांत झाली, एवढ्या चार गोष्टी रोज लिहा. शाळेचे सोडले तर तुमचे वागणे अजून बदलू नका, फक्त नोंद करा. थेरपिस्टला तुमच्या आठवणीपेक्षा या वहीतून कितीतरी जास्त कळेल. आणि भेटीची वेळ घेताना बाबांना कामावरून निघता येईल अशीच वेळ मागा, त्यासाठी आठवडाभर उशीर झाला तरी चालेल.